गिरमिटाची गाठ सोडविणारे नामदार गोखले

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे वर्ष सुरू होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शेतकरी आणि सालदार यांच्यातील करार पिढ्यान्‌पिढ्या याच सणाच्या सुमारास ठरत आला. साक्री, चाळीसगाव या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्याही मुकादमाकडून उचल घेऊनच घर सोडतात. उचल फिटेपर्यंत माणूस मोकळा नसतो, हे येथील कष्टकऱ्याला कायद्याच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. या व्यवहारात उचलीच्या जागी जहाजाचे भाडे घातले, एका वर्षाची पाच वर्षे केली आणि काम सोडणाऱ्याला फौजदारी शिक्षा ठेवली, तर जे उभे राहते त्याला एकोणिसाव्या शतकातील मजूर 'गिरमिट' म्हणत. इंग्रजी 'अ‍ॅग्रिमेंट' या शब्दाचे ते मजुरांच्या तोंडी रुळलेले रूप होते. या गिरमिटाविरुद्ध हिंदुस्थानच्या कायदेमंडळात ज्यांनी पहिली निर्णायक लढाई दिली, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ज्यांचे चरित्र मराठीत लिहिले, तेच हे गोखले. त्यांच्या नेमस्त राजकारणाची चर्चा आजवर पुष्कळ झाली. परंतु फसवून परदेशी नेलेल्या माणसांसाठी त्यांनी केलेले काम मात्र तुलनेने अंधारात राहिले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागलला नोकरीत होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. गोविंदरावांना पंधरा रुपये पगार होता. त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. पैशाची किंमत गोखल्यांना अशा रीतीने लहानपणीच कळली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य म्हणून दाखल झाले. मासिक पंच्याहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि पाळले. शाळेसाठी त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे वापरात होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांना सरकारी अहवाल आणि आकडे वाचण्याची शिस्त लागली.

या शिस्तीचे मोल त्यांना एका कडू प्रसंगातून पुरते कळले. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी तेथे सांगितले. परंतु परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. स्वदेशात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत सरकारी कागदांतूनच सरकारला उत्तर देण्याची पद्धत ठळकपणे दिसते. गिरमिटाच्या प्रश्नावर हीच पद्धत त्यांचे मुख्य हत्यार ठरली.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले. तो छप्पन्नच्या दुष्काळाचा काळ होता आणि इलाख्याच्या होरपळलेल्या जिल्ह्यांत खानदेशही होता. जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून, महसूल थकल्यामुळे जप्त झालेली जमीन विक्रीच्या वा गहाणाच्या हक्काविना पुन्हा कसायला देण्याचे विधेयक १९०१ मध्ये सरकारने आणले. ते सावकारापासून शेतकऱ्याला वाचविण्यासाठी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. शेतकऱ्याची मालकीच त्यातून जाईल, अशी लोकप्रतिनिधींना भीती होती. फिरोजशहा मेहता यांच्यासमवेत सभात्याग करणाऱ्यांत गोखलेही होते. जमिनीवरचा हक्क गेला की माणसाच्या हाती केवळ श्रम उरतात, आणि असा माणूस कोणत्याही कागदावर अंगठा उठवितो, हे त्या पिढीने दुष्काळात डोळ्यांनी पाहिले होते. १९०२ पासून गोखले कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले.

गिरमिटाचा इतिहास गोखल्यांच्या जन्माआधीचा आहे. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने बंद होताच ऊसमळ्यांना नवे हात हवे होते, आणि १८३४ पासून हिंदी मजुरांची जहाजे मॉरिशसला जाऊ लागली. पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी अशा वसाहतींत मिळून बारा लाखांहून अधिक माणसे गेली. नाताळमध्ये पहिले जहाज नोव्हेंबर १८६० मध्ये लागले आणि १९११ पर्यंत तेथे सुमारे दीड लाख मजूर उतरले. मजूर गोळा करणाऱ्या दलालाला आरकाटी म्हणत. त्याला माणशी पैसे मिळत. शहरात काम देतो, तीर्थाला नेतो, असे सांगून तो खेड्यातील माणसाला डेपोत आणी. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविल्याच पाहिजेत, असा नियम असल्याने एकट्यादुकट्या, घरातून रुसून निघालेल्या वा विधवा स्त्रिया त्याच्या जाळ्यात विशेष सापडत. दंडाधिकाऱ्यापुढे करार वाचून दाखविला जाई. परंतु नाताळ कोठे आहे आणि काम सोडल्यास तुरुंग आहे, हे ऐकणाऱ्याला उमगले की नाही, याची चौकशी होत नसे.

नाताळमध्ये या व्यवस्थेला आणखी एक पेच होता. पाच वर्षे संपली की मजूर मोकळा होई आणि जमीन घेऊन वा दुकान टाकून राहू पाही. गोऱ्या मळेवाल्यांना त्याचे श्रम हवे होते, शेजार नको होता. म्हणून १८९५ च्या कायद्याने, मुदत संपल्यावर हिंदुस्थानात न परतणाऱ्या आणि पुन्हा गिरमिटही न करणाऱ्या माणसावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी यांनाही तो लागू झाला. गिरमिटातील मजुराचे सुरुवातीचे वेतन महिन्याला दहा शिलिंग होते. त्या हिशेबाने एका माणसाचा कर म्हणजे सहा महिन्यांची मजुरी होती. नवरा-बायको आणि दोन मोठी मुले असली, तर बारा पौंड. हा कर म्हणजे महसुलाचे साधन नव्हते. पुन्हा बांधून घ्या किंवा देश सोडा, एवढाच त्याचा अर्थ होता.

मोहनदास गांधी यांची आणि गोखल्यांची पहिली भेट १८९६ मध्ये पुण्यात झाली. १९०१-०२ मध्ये गांधीजी कलकत्त्यास सुमारे महिनाभर गोखल्यांकडेच राहिले आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न तेव्हापासून गोखल्यांच्या घरचा झाला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळसाठी गिरमिटी मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव त्यांनी कायदेमंडळात मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळकडे जाणारी गिरमिटाची वाट बंद झाली. मात्र त्याच वर्षी, १९१० मध्ये, लॉर्ड सँडरसन यांच्या समितीने इतर वसाहतींसाठी ही पद्धत चालू ठेवण्याची शिफारस केली होती. एका वसाहतीपुरत्या बंदीवर गोखले थांबायला तयार नव्हते.

४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींसाठीची गिरमिटी भरती बंद करण्याचा ठराव आणला. त्यांचा युक्तिवाद भावनेवर उभा नव्हता. करार करणाऱ्या दोन पक्षांत एक सर्व जाणतो आणि दुसरा काहीच जाणत नाही, तेव्हा त्याला मोकळा करार म्हणता येत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. मालक आणि मजूर यांच्यातील दिवाणी वाद फौजदारी गुन्हा ठरविला जातो, गिरमिटी मजुरांत आत्महत्यांचे प्रमाण भयावह आहे, स्त्रियांच्या प्रमाणाचा नियम अनीतीला जन्म देतो, या बाबी त्यांनी अधिकृत अहवालांच्या आधारे मांडल्या. मंडळातील बावीसही बिनसरकारी हिंदी सदस्यांनी ठरावाला मत दिले. तरीही सरकारी बहुमतापुढे तो पडला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गोखले केपटाऊनला उतरले. मधुमेहाने त्यांची प्रकृती ढासळली होती. तरीही किंबर्लेच्या हिऱ्यांच्या खाणींपासून नाताळच्या मळ्यांपर्यंत त्यांनी प्रवास केला आणि कराने पिचलेल्या मजुरांच्या तक्रारी त्यांच्या तोंडून ऐकल्या. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू राहत. त्यांच्यासमोर इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, असा गांधीजींनी आग्रह धरला आणि दुभाष्याचे काम स्वतः पत्करले. पुढे झांझिबारपर्यंत गोखले आपल्या लोकांसमोर मराठीतच बोलले आणि गांधीजी हिंदुस्थानीत भाषांतर करीत गेले.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात बोथा, स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी त्यांची बोलणी झाली. तीन पौंडांचा कर जाणार, अशी त्यांची समजूत झाली. गांधीजींना मात्र खात्री वाटत नव्हती आणि शंका खरी ठरली. १९१३ मध्ये स्मट्स यांनी असे वचन दिल्याचा इन्कार केला. त्याआधी मार्चमध्ये तेथील न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह अमान्य ठरविले होते. कस्तुरबांसह अनेक स्त्रिया तुरुंगात गेल्या. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या कोळसाखाणींत संप सुरू झाला आणि ६ नोव्हेंबरला दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुले ट्रान्सवालची हद्द ओलांडण्यासाठी पायी निघाली. गिरमिट करणाऱ्यांनीच गिरमिटाविरुद्ध उठण्याचा तो प्रसंग होता.

गोखले त्या वेळी आजारी होते. दक्षिण आफ्रिकेच्या तारा मात्र त्यांच्याकडेच येत आणि त्यांची उत्तरे तेच देत. संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी त्यांनी देशभरातून निधी जमविला, सरकारपुढे बाजू मांडली आणि अँड्र्यूज व पिअरसन यांना दक्षिण आफ्रिकेला धाडले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती व्यक्त केली, त्यामागे या लोकमताचे बळ होते. अखेर १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने हिंदी लोकांच्या दिलाशाचा कायदा संमत केला. तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि त्याची थकबाकीही माफ झाली. हिंदी धर्मरीतीने झालेल्या एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. ज्याला राहायचे त्याला दंडाविना राहता येऊ लागले आणि ज्याला परतायचे त्याला प्रवासखर्चाची सोय झाली.

हा कायदा परिपूर्ण नव्हता. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्याची बंदी कायम राहिली, मताधिकार मिळाला नाही आणि वर्णभेदाचा पाया हललाही नाही. नव्या आगमनावरील निर्बंधांना तडजोडीत हात लागला नाही, म्हणून नाराज झालेलेही होते. गोखल्यांच्या नेमस्त मार्गाची मर्यादा म्हणून या उणिवांकडे बोट दाखविता येईल. परंतु फसवून आणलेल्या माणसाला केवळ बेडीतून सोडविणे पुरेसे नाही. तो जेथे घाम गाळतो तेथे भयमुक्त राहण्याचा त्याचा हक्क, त्याचा संसार आणि त्याच्या डोक्यावरील कर्ज यांचाही निकाल त्याच कायद्याने लागला पाहिजे, ही दृष्टी त्यात होती. त्या काळाच्या मानाने ती फार पुढची होती.

गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी मायदेशी परतले. गोखल्यांचे १९ फेब्रुवारीला पुण्यात, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. १९१२ मध्ये पडलेला ठराव २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी पुन्हा आणला आणि हार्डिंग यांनी तो स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

गोखल्यांनी मांडलेले मुद्दे जगाच्या कायद्यात रुजायला आणखी बराच काळ गेला. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली. वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने मजुराचे कर्ज संपुष्टात आणले. शिवाय मुक्त झालेल्या मजुराला राहत्या जागेतून हुसकून लावता येणार नाही, अशी तरतूदही केली. संयुक्त राष्ट्रसंघाने २००० मध्ये मानवी व्यापाराविरुद्धचा करार स्वीकारला. फसवणूक झाली असल्यास पीडिताची संमती विचारात घ्यायची नाही, असे तो सांगतो, आणि अशा पीडितांना आपल्या भूमीवर राहू देण्याचा विचार करावा, असे देशांना सुचवितो. भारताने २०११ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. त्याच २००० सालच्या अमेरिकी कायद्याने मानवी व्यापारातून सुटलेल्या परदेशी व्यक्तीसाठी राहण्याचा व काम करण्याचा स्वतंत्र परवाना निर्माण केला. तिला बेकायदा घुसखोर म्हणून परत धाडण्याआधी, ती तेथे आली कशी हे विचारणे त्यामुळे भाग पडते.

१९१२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी कलकत्त्यास विचारलेला प्रश्न नेमका हाच होता. कागदावर अंगठा आहे, हे सरकारला पुरेसे वाटत होते. तो अंगठा कोणी, काय सांगून आणि कोणत्या अडचणीत उठवून घेतला, याची चौकशी गोखल्यांना हवी होती. मुकादमाच्या वहीत आजही उचलीचे आकडे लिहिले जातात, तेथे ही चौकशी अजून पुरी झालेली नाही.