ज्ञानकोशकार डॉ. केतकर

ज्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहून तिची निर्भीड चिकित्सा केली, त्यांचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत यावे, हे काही सभासद-बंधूंस विचित्र वाटेल. परंतु आम्हांस येथे त्यांच्या दुसऱ्याच कार्याचे स्मरण करावयाचे आहे. आपल्या घरांतील मुले कलाशाखेकडे वळली की शास्त्रीय विषयांशी त्यांचा संबंध संपला, असे आपण धरून चालतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी तसे धरले नाही.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचे अध्ययन करून १९११ साली पीएच. डी. झाले. प्रयोगशाळेतील विद्या ही त्यांची विद्या नव्हे. तरीही स्वदेशी परतल्यावर त्यांनी सर्व शास्त्रे मराठीत आणण्याचा ध्यास घेतला आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम आरंभिले. राजाश्रय नव्हता, म्हणून त्यांनी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले. विद्वानाने असे दारोदार फिरावे, याचे अनेकांस हसू आले. नागपुरास सुरू झालेले हे काम पुढे पुण्यास आले आणि १९२० पासून एका दशकाच्या आत तेवीस खंड बाहेर पडले!

यांतील पाचवा खंड विज्ञानेतिहासाचा. विज्ञान हा शब्द त्यांनी व्यापक अर्थाने घेतला. गणित, ज्योतिष, रसायन यांच्या पंगतीस तेथे व्याकरणही बसते. समाजशास्त्रज्ञाचीच ही दृष्टी होय. शास्त्र कोणत्या समाजात, कसे वाढले, हे सांगितले म्हणजे ते परके राहत नाही. त्यांची भाषा रुक्ष आहे, हा आक्षेप मात्र आम्हांसही मान्य आहे. पण ज्या कल्पनांना मराठीत नावेच रूढ झाली नव्हती, त्यांविषयी लिहिताना लालित्य कोठून आणावे? आधी शब्द घडवावयाचे, मग वाक्य.

कोश पुरा झाला, पण संपत्ती आली नाही. अखेरची वर्षे ओढाताणीत गेली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. ज्ञानकोशाच्या कार्यालयात तयार झालेले त्यांचे सहकारी यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे १९४८ साली शास्त्रीय परिभाषा कोश प्रसिद्ध केला.