हिंगोलीच्या नरसी गावचा शिंपी पोस्टाच्या तिकिटावर कसा पोहोचला?

९ नोव्हेंबर १९७०. कार्तिकी एकादशीच्या आसपासचे दिवस. भारतीय टपाल खात्याने २० पैशांचं एक नवं तिकीट काढलं आणि त्यावर होते संत नामदेव. निमित्त होतं त्यांच्या जन्माला ७०० वर्षं पूर्ण झाल्याचं.

आता तुम्ही म्हणाल, संतांचं तिकीट निघालं, त्यात काय नवल?

नवल आहे. १८५४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं सुरू झाली. तेव्हापासून १९४७ पर्यंत तिकिटावर मानाने झळकला तो चेहरा लंडनच्या गादीवरच्या राणीचा, नाहीतर राजाचा. १९३७ च्या मालिकेत टपाल पोहोचवणारा धावपटू, टांगा, उंट, आगगाडी असं सगळं आलं, पण प्रत्येक तिकिटावर राजेसाहेब हजर होतेच. धावणारा माणूस बिननावाचा होता. मान राजाचा होता.

अशा तिकिटावर एक शिंपी येऊन बसला. तो कोण होता आणि त्याला हा मान मिळायला काय काय बदलावं लागलं, ते बघायचं तर आधी नरसीला जावं लागतं.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठावर नरसी हे गाव आहे. आज सगळे त्याला नरसी नामदेव म्हणूनच ओळखतात. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म इथला, शके ११९२ म्हणजे इसवी सन १२७० चा. काही अभ्यासक जन्म पंढरपूरचा मानतात. घराण्याची मुळं मात्र नरसीची, याबद्दल फारसा वाद नाही. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा कपडे शिवण्याचा. पुढे घरात पत्नी राजाई आली, नारा, महादा, गोंदा आणि विठा अशी चार मुलं झाली. याच घरात काम करणारी जनी पुढे संत जनाबाई म्हणून ओळखली गेली. तिनेही अभंग रचले.

नामदेवांचं लक्ष दुकानात कमी आणि विठ्ठलात जास्त. लहानपणी त्यांनी हट्ट करून देवाला नैवेद्य खायला लावला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. पण खरी महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. संतमंडळी जमलेली असताना गोरा कुंभाराने थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, अशी आख्यायिका आहे. कारण काय, तर त्यांना गुरू नव्हता.

मग ते गेले औंढा नागनाथला. हेही आजच्या हिंगोली जिल्ह्यातलंच. तिथे विसोबा खेचर शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. नामदेव संतापले, तेव्हा विसोबांनी जिथे देव नाही तिथे आपले पाय ठेवायला सांगितलं. नामदेव जिकडे पाय नेतील तिकडे पिंडच. त्या दिवशी नामदेवांना गुरू मिळाला.

औंढ्याचीच दुसरी कथा जास्त बोचरी आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, तर त्यांना तिथून हटवून मागच्या बाजूला पाठवण्यात आलं. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. तिथला नंदी देवळाच्या मागे का, याचं उत्तर लोक आजही या कथेने देतात. देऊळ फिरलं की नाही हा श्रद्धेचा भाग झाला. पण खालच्या जातीचा म्हणून देवळातून बाहेर काढल्याचं दुःख त्यांच्या नावावरच्या पदांमध्ये आहे, आणि ती पदं पंजाबात जपली गेली आहेत.

ज्ञानेश्वर आणि नामदेव यांनी उत्तरेची तीर्थयात्रा सोबत केली. एक आळंदीचा ब्राह्मण पण वाळीत टाकलेला, दुसरा शिंपी. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तो सगळा सोहळा नामदेवांनी अभंगांत लिहून ठेवला.

आणि चोखोबा. मंगळवेढ्याचे चोखामेळा महार जातीचे, नामदेवांना गुरू मानणारे. त्यांना पंढरपूरच्या देवळात पाय ठेवायची मुभा नव्हती. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेव स्वतः तिथे गेले, अस्थी गोळा करून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. अस्थी ओळखल्या कशा, याचीही कथा आहे. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची. त्या काळात एका शिंप्याने महाराच्या अस्थी उचलून देवाच्या दारात ठेवणं, हे कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं होतं.

पुढे नामदेव पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावात त्यांनी सुमारे वीस वर्षं काढली असं मानतात. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ तयार केला, त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली. २०१५ चं ८८ वं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते यामुळेच. परंपरा सांगते की १३५० मध्ये त्यांनी पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ लागावी ही त्यांची इच्छा. तीच आजची नामदेव पायरी.

इथून सहाशे वर्षं पुढे या. मे १९४७. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी आणल्या, पण चोखोबांची माणसं तोवरही पायरीच्या अलीकडेच उभी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट निघालं, तिरंगा असलेलं. १९४८ मध्ये गांधीजी आले.

१ ऑक्टोबर १९५२ ला संत आणि कवींची मालिका निघाली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. राजाच्या जागी विणकर आला, स्त्री आली, उर्दूचा शायर आला. निवड धाडसाची होती, पण त्यात एकही मराठी संत नव्हता. गंमत म्हणजे ज्या कबीरांना पहिल्या फळीत जागा मिळाली, त्यांच्या पदांमध्ये नामदेवांचं नाव आदराने येतं.

नामदेवांचा नंबर १९७० मध्ये लागला. एक कारण उघड आहे. टपाल खात्याला तिकीट काढायला जयंती किंवा पुण्यतिथी लागते, आणि ७०० हा आकडा हाताशी होता. पण काळही बघा. आदल्याच वर्षी गुरू नानकांच्या ५०० व्या जयंतीचं तिकीट निघालं होतं. प्रांत, भाषा, धर्म यांना जोडणारी माणसं देशाला हवी होती. मराठीत अभंग रचणारा आणि शिखांच्या ग्रंथात असणारा शिंपी यापेक्षा चांगला कुठे मिळणार? ज्ञानेश्वरांचं तिकीट १९९७ मध्ये आलं, तुकारामांचं २००२ मध्ये. शिंप्याचं तिकीट ज्ञानेश्वरांच्या २७ वर्षं आधी.

मात्र १९७० चे नामदेव हे एकात्मतेचे नामदेव होते. देवळातून हटवलेल्या नामदेवांची चर्चा जोरात व्हायला अजून वेळ होता. तो बदल तिकिटांच्या तारखांमध्येही दिसतो. बाबासाहेब आंबेडकर १९६६ मध्ये आले, निधनानंतर दहा वर्षांनी. संत रविदास १९७१ मध्ये. जोतिराव फुले १९७७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ८७ वर्षांनी. आणि सावित्रीबाई? त्यांचं तिकीट १० मार्च १९९८ ला निघालं. नवरा-बायकोने शाळा सोबत चालवल्या, पण तिकिटात २१ वर्षांचं अंतर पडलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेच्या तिकिटावर पहिला कृष्णवर्णीय माणूस यायला १९४० उजाडलं. ते होते बुकर टी. वॉशिंग्टन, गुलामीत जन्मलेले.

तिकीट निघालं तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. नरसी परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, आणि तेव्हापासून नरसी आणि औंढा दोन्ही नव्या जिल्ह्याच्या पत्त्यावर आहेत.