जनाबाईंचा अभंग माझ्या प्रोग्रॅमने उडवला: दोन लिस्टची सुरुवात कशी तपासायची?

मी गंगाखेडचा, परभणी जिल्हा. गोदावरीकाठचं आमचं गाव म्हणजे संत जनाबाईंचं जन्मगाव. मोबाईलवर पायथन शिकताना मी सरावाला त्यांचेच अभंग घेतले. दोन फाईलींत तेच अभंग पुन्हा आलेले, ते काढायचे होते. सोपं वाटलं: प्रत्येक अभंगाच्या शब्दांची लिस्ट करायची, दोन्ही लिस्टचे पहिले दोन शब्द कापून घ्यायचे, सारखे निघाले तर दुसरी लिस्ट डिलीट.

आधी जनाबाईंबद्दल. काळ 13व्या-14व्या शतकाचा. परंपरेनुसार वडील दमा, आई करुंड. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर तिथेच राबल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या. अभंगांत जातं येतं, उखळ येतं, आणि मदतीला विठ्ठलही येतो. स्वतःची ओळख त्या नामदेवांची दासी म्हणूनच देतात. तीनशेहून जास्त अभंग त्यांच्या नावावर आहेत, पण छापले गेले ते बहुतेक नामदेवांच्या गाथेत. 1350 साली पंढरपुरात त्यांनी देह ठेवला असं मानतात.

एक गोष्ट आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. गोवऱ्यांवरून भांडण झालं, सगळ्या दिसायला सारख्याच. मग कानाला लावून पाहिल्या, ज्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं त्या जनाबाईंच्या.

मी मात्र फक्त वरवर पाहिलं! सुरुवात सारखी असलेले दोन वेगळे अभंग प्रोग्रॅमने एकच धरले आणि त्यांतला जनाबाईंचा उडाला. अभंगात कवीचं नाव येतं शेवटी, आणि मी शेवट तपासलाच नव्हता. दुसरी चूक रिकाम्या ओळींची. रिकाम्या लिस्टमधून दोन शब्द मागितले तरी पायथन एरर देत नाही, रिकामी लिस्टच देतं. त्यामुळे सगळ्या रिकाम्या ओळी एकमेकींशी जुळल्या. म्हणून आधी लांबी बघा.

जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमची गंमत उलटी. दोन वेगळे अ‍ॅरे तीन बरोबर चिन्हांनी तपासले तर आतलं सगळं सारखं असूनही उत्तर ‘नाही’ येतं, कारण तिथे अ‍ॅरे तोच आहे का हे बघितलं जातं. एकेक घटक लूपने तपासावा लागतो.

आता माझा प्रोग्रॅम काहीच डिलीट करत नाही. सुरुवात जुळली की नुसती खूण करतो. शेवटची ओळ मी स्वतः वाचतो.