दुधाविना चूल

दूध, दही, लोणी, तूप यांतले काहीही न वापरता केलेल्या स्वयंपाकाला आज ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडवला गेला. त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १९१२ मध्ये, जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरच्या टॉल्स्टॉय फार्मवर मोहनदास करमचंद गांधी आणि त्यांचे वास्तुविशारद स्नेही हर्मन कॅलेनबाख यांनी दूध कायमचे सोडले होते. मध गांधीजींनी वर्ज्य मानला नाही, त्यामुळे आजच्या काटेकोर व्याख्येत ते बसणार नाहीत. परंतु दुधावाचून घरचे ताट कसे भरायचे, हा प्रश्न त्यांच्याइतका जिवावर बेतेपर्यंत फार थोड्यांनी ताणला असेल.

या प्रश्नाची सुरुवात पुस्तकांपासून झाली. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या या तरुणाने आईला मांस न खाण्याचे वचन दिले होते आणि मसाल्यावाचून उकडलेल्या भाज्यांवर तो अर्धपोटी राहत होता. फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. तिथेच एक शिलिंग देऊन त्याने हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची कैफियत मांडणारे पुस्तक घेतले. पोट भरले आणि वचन हे मत झाले. पुढे त्याने खर्च कमी करण्यासाठी एकच खोली घेतली, स्टोव्ह आणला, आणि सकाळी ओटची लापशी व कोको, रात्री पाव व कोको असा बेत सुरू केला. घरून येणारे मसाले व मिठाई बंद झाली. लेखक नारायण हेमचंद्र तिकडे आले, तेव्हा गांधी त्यांना विलायती पद्धतीचे गाजराचे सूप करून वाढत. पाहुण्यांना ते रुचेना. त्यांनी कुठून तरी मूग पैदा केले, शिजवले आणि यजमानाच्या खोलीवर आणले. यजमानाने ते आवडीने खाल्ले.

दक्षिण आफ्रिकेत हा एकट्याचा स्वयंपाक घरादाराचा झाला. जोहान्सबर्गच्या घरी सात पौंडांची हातचक्की आली आणि घरच्या पुरुषांनी पीठ दळावे असा पायंडा पडला. टॉल्स्टॉय फार्मची अकराशे एकर जमीन कॅलेनबाख यांनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली होती. तिथे फळझाडे भरपूर होती. संत्र्यांचा मुरंबा होई. भुईमुगाचे दाणे भाजून, वाटून त्यांचे लोणी करत. ते बाजारच्या लोण्याच्या मानाने कितीतरी स्वस्त पडे. पाव घरी दळलेल्या, न चाळलेल्या पिठाचा. कॉफीसुद्धा गहू भाजून केलेली. फार्मवर गाईचे दूध क्वचितच येई. बहुधा डब्यातल्या आटवलेल्या दुधावर भागे.

दूध सोडण्यामागे दोन कारणे होती. एक ब्रह्मचर्याचे: दूध विकार वाढवते, अशी गांधीजींची समजूत होती. ती आज कोणी ग्राह्य धरणार नाही. दुसरे कारण अधिक टिकाऊ निघाले. कलकत्त्याकडून त्यांच्या हाती काही साहित्य आले होते. गाईम्हशींना यातना देऊन दुधाचा शेवटचा थेंब काढण्याच्या, ‘फुका’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रूर रीतीचे त्यात वर्णन होते. दुधाच्या दोषांविषयी आपण नुसतेच बोलत का बसतो, असे कॅलेनबाख यांनी विचारले आणि निर्णय झाला. मग धान्य आणि डाळीही सुटल्या. केळी, शेंगदाणे, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर गांधीजी राहू लागले.

पहिली कसोटी १९१४ साली लागली. महायुद्ध पेटताच लंडनला पोहोचलेले गांधीजी फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने अंथरुणाला खिळले. त्यांना दूध घ्यायला लावणाऱ्यांत सर्वांत वजनदार शब्द होता गोपाळ कृष्ण गोखले यांचा. गोखल्यांना ते गुरुस्थानी मानत. त्यांनी एक दिवसाची मुदत मागून घेतली, रात्र विचारात काढली आणि सकाळी नम्रपणे नकार दिला. बाकी सारे मान्य, परंतु दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस मरण आले तरी नाही. गोखल्यांना वाईट वाटले. पण त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. डॉ. जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले तेच, यांनी चिमूटभर हिंग घातलेले मूग सुचवले. त्याने दुखणे वाढले. डॉ. अ‍ॅलिन्सन यांनी साधा कोंड्याचा पाव, बीट, मुळा, कांदा यांसारख्या कच्च्या भाज्या किसून आणि संत्री असा आहार दिला. लेडी सिसिलिया रॉबर्ट्स यांनी दूध नसलेली म्हणून एक पूड मोठ्या मायेने पाठवली. गांधीजींनी ती पाण्यात कालवून घेतली. चव दुधाची लागली, म्हणून बाटलीवरची चिठ्ठी वाचली, तर ती दुधाचीच होती! बाटली बाजूला गेली. डब्यामागचा मजकूर भिंग लावून वाचणाऱ्या आजच्या व्हीगन गृहिणीला ही फजिती परकी वाटणार नाही.

१९१८ मध्ये मात्र हा प्रयोग कोसळला. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना ते शेंगदाण्याच्या लोण्यावर आणि लिंबावर राहत होते. पोट बिघडले होते. उपवासच हवा होता. पण साबरमतीच्या आश्रमात तो सणाचा दिवस होता. पतीचे व्रत न मोडता सणाचे गोडधोड कसे करायचे, याचा तोडगा कस्तुरबांनी काढला. त्यांनी तुपाऐवजी तेलात गव्हाची गोड लापशी केली आणि वाडगाभर मूगही शिजवून ठेवले. आवडीचे पदार्थ समोर आले आणि आहाराचे सारे शास्त्र विसरून गांधीजी पोटभर जेवले. तासाभरातच जोरदार आमांश सुरू झाला. त्या संध्याकाळी नडियादला जायचे होते. सव्वा मैलावरचे स्टेशन त्यांनी कसेबसे गाठले. लापशीत दोष नव्हता. दोष जेवणाऱ्याचा होता, आणि तो त्यांनी स्वतः मान्य केला.

आजार महिनोन्महिने रेंगाळला. हवापालटासाठी ते माथेरानला आले, पण तिथले जड पाणी त्यांना सोसले नाही. आठवड्याच्या आतच ते मुंबईला परतले. शंकरलाल बँकर यांनी डॉ. दलाल यांना आणले. दूध घेतल्याशिवाय हे शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. गांधीजींनी शपथ सांगितली आणि गाईम्हशींच्या यातनांची हकीकतही. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा हे ऐकत होत्या. मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे, असे त्यांनी विचारले. डॉक्टरांनी तो धागा लगेच पकडला. गांधीजी नमले.

शपथ घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, त्यामुळे शब्द पाळला गेला. परंतु शपथेचा आत्मा आपण मारला, असे त्यांना वाटले, आणि हा सल त्यांनी आत्मकथेत लपवला नाही. सत्याग्रहाची ओढ हेच जगण्याच्या इच्छेचे कारण, अशी कबुलीही तिथे आहे. १९१९ च्या जानेवारीत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली, आणि काही आठवड्यांतच रौलट कायद्याविरुद्धची हालचाल सुरू झाली. संसाराची चूल इतकी वर्षे सांभाळलेल्या बाईने जे एका वाक्यात सोडवले, ते व्रतस्थ पुरुषाला आयुष्यभर टोचत राहिले. दोघांपैकी कोण बरोबर होते, हे ठरवणे सोपे नाही.

पर्यायाचा शोध थांबला नाही. १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग झाला आणि तोही प्रकृतीपुढे हरला. १९३५ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन आले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर गुजरातीत एक पुस्तिका लिहिली. सहा वर्षे आपण दुधावाचून काढली, हे तिच्यात नमूद करून शाकाहारी माणसाला दूध लागतेच, असा कौल त्यांनी अनुभवाने दिला. दुधाला तोडीस तोड वनस्पती मात्र कोणीतरी शोधून काढावी, ही आशा सोडली नाही. वनस्पतिजन्य आहारात ज्याची उणीव हमखास भासते, ते बी-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी.

त्याच पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्यांनी सुचवलेले शेळीचे दूध गांधीजींच्या आहारात अखेरपर्यंत राहिले.