अचूकतेचा उपासक : रॉबर्ट बॉश

रॉबर्ट बॉश ह्यांचा जन्म जर्मनीत उल्म शहराजवळील आल्बेक ह्या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी झाला. सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी करीत असता उस्तादाने त्यांस मनापासून शिकविले नाही. ती उणीव त्यांनी अमेरिका व इंग्लंड येथील कारखान्यांत राबून भरून काढली आणि १८८६ साली स्टुटगार्ट येथे लहानसा कारखाना थाटला. आपल्यावरील प्रसंग इतरांवर येऊ नये म्हणून १९१३ साली त्यांनी उमेदवारांसाठी स्वतंत्र शिक्षणविभागही काढला.

प्रारंभी डिझेल एंजिनात तेल फवारण्यास दाबलेल्या हवेचा अवजड संच लागे. तो मोटारीस पेलणारा नव्हता. १९२२ साली बॉश ह्यांनी त्याऐवजी छोटा पंप घडविण्याचे मनावर घेतले. १९२७ पासून तो मोठ्या संख्येने तयार होऊ लागला.

ह्या पंपाचा दट्ट्या व नळकांडे ह्यांत मिलिमीटरच्या काही सहस्रांशांचेच अंतर असते. प्रत्येक सिलिंडरला सारखे तेल मिळते की नाही, हे नुसत्या कानाने कळत नाही. पंप परीक्षणयंत्रावर चढवून प्रत्येक तोंडाचे तेल खुणांच्या काचनळीत मोजावे लागते. घरीच स्क्रू पिळून तेल वाढविणाऱ्यास क्षणभर जोर लाभतो. पण काळा धूर निघतो व एंजिन तापून झिजते. गाळणी बदलावी, नळीतील हवा काढावी. मापाचे काम मात्र मापाच्या यंत्रावरच व्हावे.

१२ मार्च १९४२ रोजी बॉश निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, हौसेला मापाची जोड मिळाली म्हणजेच तिचे कौशल्य होते, हा त्यांच्या चरित्राचा बोध होय.