वालचंद हिराचंद

मुलांनो, जालन्याच्या एमआयडीसीत भंगार लोखंड वितळवून सळ्या तयार करतात, हे तुम्ही ऐकले असेल. तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा भाऊ तेथे कामालाही जात असतील. सळी एकाच धातूची, एकाच आकाराची असते. मोटारीला मात्र हजारो सुटे भाग लागतात. आपल्या देशात सुईसुद्धा परदेशातून येत होती, त्या काळात एका माणसाने मोटारीचा कारखाना काढायचे ठरवले. त्याचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे गुजराती जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेले. घरी सावकारीचा आणि कापसाचा व्यापार होता. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील कारकून होते. त्यांना भागीदार करून वालचंदांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. पहिले काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली.

१९१९ साली त्यांनी सिंदिया ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिलला तिचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाडे उतरवून तिला बुडवण्याची खटपट केली. तरी ती टिकली.

आता मोटारीची गोष्ट ऐका. याच सुमारास जपानमध्येही एक कुटुंब मोटारीच्या मागे लागले होते. टोयोडा घराणे कापड विणण्याचे माग बनवत असे. मुलगा किइचिरो याने १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. १९३६ साली जपान सरकारने कायदा करून देशी मोटार कारखान्यांना संरक्षण दिले. १९३७ साली टोयोटा ही वेगळी कंपनी उभी राहिली.

वालचंदांना असा आधार कोठून मिळणार? आपल्यावर परक्यांचे राज्य होते. ते अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी बोलणे जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी करार झाला. पण दुसरे महायुद्ध सुरू होते आणि युद्धासाठी हा उद्योग आवश्यक नाही, असे इंग्रज सरकारने ठरवले. यंत्रे आणण्याची परवानगी अडली. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. वालचंदांनी मधल्या काळात, १९४० साली, बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू केला आणि १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजे बांधण्याची गोदी!

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तेथून पहिली मोटार बाहेर पडली. खरे सांगायचे तर तिचे बहुतेक भाग परदेशी होते. येथे ते फक्त जोडले गेले. भाग हळूहळू येथेच बनू लागले, पण तोवर वालचंद आजारी पडले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले.

कुर्ल्याच्या कारखान्याने पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या मदतीने लहान मोटार बनवली. तीच 'पद्मिनी'. मुंबईच्या रस्त्यांवर तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ सालापर्यंत धावत होती.