खिदमतगार म्हणजे नोकर नव्हे : बादशाह खान आणि त्यांचे बिनपगारी सैनिक

मोहल्ल्यात मयत झाली की काही माणसं न बोलावता हजर होतात. कुणी कफन आणायला धावतं, कुणी कब्रस्तानात सांगायला जातं. कोविडच्या दिवसांत घरचे लोकही लांब उभे असताना अशाच पोरांनी मयती उचलल्या. काम संपलं की ही माणसं निघून जातात, आणि आपणही त्यांना विसरतो.

मागे एकदा मी वर्गात विचारलं, खिदमतगार म्हणजे काय? बहुतेक मुलांनी उत्तर दिलं, नोकर. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना खान अब्दुल गफ्फार खान यांची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो.

त्यांचा जन्म 1890 चा, पेशावरजवळच्या उतमानझई गावातला. वालिद बहराम खान गावातले मोठे जमीनदार. घरात कशाची कमी नव्हती. इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होण्याची संधीही चालून आली होती. पण एका इंग्रजाने आपल्याच एका देशी अधिकाऱ्याचा अपमान केलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ती वाट सोडून दिली.

1910 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी गावात शाळा काढली. त्या काळी सरहद्दीवर पठाणांच्या मुलांसाठी शाळा जवळजवळ नव्हत्याच. खानदानी दुश्मनी मात्र पिढ्यानपिढ्या चालायची, खुनाला खून हाच कायदा. तालीम आली तरच हे थांबेल, असं त्यांना वाटत होतं. सरकारने शाळा बंद पाडल्या तरी ते गावोगाव पायी फिरत राहिले. लोक त्यांना प्रेमाने बादशाह खान म्हणू लागले.

1921 मध्ये त्यांनी उतमानझईत पुन्हा मदरसा सुरू केला. मुलाला समजावा, असा निरोप इंग्रज अधिकाऱ्याने वालिदांकडे पाठवला. वालिदांनी विषय काढला तेव्हा बादशाह खानांनी उलट विचारलं, लोकांनी नमाज सोडली तर मीही सोडावी, असं तुम्ही सांगाल का? वालिद म्हणाले, कधीच नाही. मग मुलांना शिकवणं हेही तसंच फर्ज आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे वालिदांनी त्यांना अडवलं नाही. सरकारने मात्र तीन वर्षं तुरुंगात ठेवलं. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

1929 मध्ये त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. नावामागचा विचार साधा होता. अल्लाहला कुणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या मखलूकची खिदमत हीच त्याची खिदमत. सामील होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, बदला घेणार नाही, कामाचा मोबदला मागणार नाही. आणि रोज किमान दोन तास समाजासाठी देईन.

बघा, दोन तास. आयुष्य वाहून टाका, असं त्यांनी शेतकऱ्याला सांगितलं नाही. तुझं शेत सांभाळ, घर सांभाळ आणि त्यातून वेळ काढ. हे खिदमतगार गावाची साफसफाई करत, चरख्यावर सूत कातत, भांडणं मिटवत. शिबिरात मोठ्या घरची मुलंही झाडू हातात घेत. पांढरे कपडे लवकर मळायचे, म्हणून ते चामडं कमावणाऱ्यांकडच्या विटकरी रंगात बुडवून घेतले. तोच त्यांचा गणवेश झाला. फौजेसारख्या तुकड्या, कवायत, हुद्दे, सगळं होतं. नव्हती ती फक्त बंदूक.

23 एप्रिल 1930 रोजी बादशाह खानांना अटक झाली. पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर इंग्रजांनी गोळीबार केला. कितीतरी माणसं जागेवर गेली. चंद्रसिंह गढवाली यांच्या गढवाली शिपायांनी गोळ्या झाडायला नकार दिला आणि त्याची शिक्षा भोगली. बदला हेच ज्यांचं ब्रीद मानलं जायचं, त्या पठाणांनी हात उचलला नाही. त्यानंतर खिदमतगारांची संख्या हजारोंनी वाढली.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचं नातं आहे. 1934 मध्ये तुरुंगातून सुटले तेव्हा सरहद्दीवर जायला बंदी होती. ते वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिले. काँग्रेसचं अध्यक्षपद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. आपण शिपाई आहोत, शिपाईच राहू, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी मुंबईतल्या एका भाषणावरून सरकारने त्यांना वर्ध्यातून पकडलं आणि दोन वर्षांची सजा दिली.

फाळणीला त्यांचा विरोध होता. फाळणीनंतर पाकिस्तानातही त्यांच्या वाट्याला तुरुंगच आला आणि संघटनेवर बंदी घातली गेली. 1969 मध्ये ते भारतात आले, तेव्हा अहमदाबाद दंगलीत होरपळलं होतं. ऐंशीच्या घरातल्या या माणसाने शांततेसाठी रोजे धरावेत तसा तीन दिवस उपवास केला आणि मग तिथे जाऊन पीडितांना भेटले. कपड्यांचं गाठोडं तेव्हाही स्वतःच्याच हातात होतं. 1987 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. 20 जानेवारी 1988 रोजी पेशावरमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे अफगाणिस्तानातल्या जलालाबादला.

बादशाह खानांचं नाव राहिलं. पण त्यांच्या मागे उभे असलेले ते हजारो विटकरी कपडेवाले? त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

गोष्ट संपल्यावर मुलांना गृहपाठ दिला. आपल्या मोहल्ल्यातल्या एका खिदमतगाराचं नाव आणि काम लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. रक्तदानाची सोय करणारे भाई, उन्हाळ्यात पाण्याचे माठ भरून ठेवणारे चाचा, मुलींना मोफत शिकवणी देणाऱ्या आपा. कामं सगळ्यांनी नीट लिहिली होती. पण अर्ध्याहून जास्त वह्यांत नावाच्या जागी लिहिलं होतं, माहीत नाही.

चूक मुलांची नाही. आपण घरात ती नावं घेतच नाही. सवाब देणारा अल्लाह आहे, आणि खरा खिदमतगार शाल-नारळाची वाट बघत नाही, हे खरं. पण नाव विचारायला, सलाम करायला, एखाद्या जुम्म्याला त्यांच्यासोबत तास-दोन तास हातभार लावायला आपल्याला कुणी अडवलंय? मी त्या मुलांना वह्या परत दिल्या आणि सांगितलं, आज घरी जाताना चाचांना नाव विचारून या. माठही भरू लागा.